पतसंस्थेतले स्क्रीन रेकॉर्डिंग : अर्जापासून पेनड्राइव्हपर्यंत

ठाण्यातील एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात मी नोकरी करते. हिशेब तपासणे हे माझे मूळ काम. पण कार्यालयात ज्याला संगणकातले थोडेफार कळते त्याच्याकडेच संगणकाचे सगळे काम जाते, या न्यायाने शाखांचे प्रिंटर, विसरलेले पासवर्ड आणि अडकलेले दिवसअखेर (दिवसभराचे हिशेब बंद करण्याचे काम) हेही माझ्याच टेबलावर येऊन पडते. गेल्या हिवाळ्यात शाखांतील कर्मचाऱ्यांसाठी संगणकाच्या पडद्यावरचे काम चित्रित करून, त्यावर मराठीत निवेदन देऊन, प्रशिक्षणाचे छोटे व्हिडिओ तयार करण्याची जबाबदारी माझ्यावर आली आणि फेब्रुवारीअखेर ती पूर्ण झाली. या सगळ्यात सॉफ्टवेअरने सर्वांत कमी वेळ घेतला. खरा वेळ गेला तो कागदपत्रांत, पडद्यावर कोणाची माहिती दिसू द्यायची या विचारात आणि आवाजाच्या बंदोबस्तात. एखाद्या संस्थेत, शाळेत किंवा सोसायटीच्या कार्यालयात हेच काम कोणाच्या अंगावर पडले असेल, तर उपयोग व्हावा म्हणून घडले तसे लिहीत आहे.

पार्श्वभूमी अशी की, विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आमच्या शाखांतील बहुतेक संगणक इतके जुने आहेत की विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० या सुरक्षा-चिपची सोय आणि पुरेसा नवा प्रोसेसर त्यांत नाही. सगळे संगणक एकदम बदलणे संस्थेला परवडणारे नव्हते आणि आमची हिशेबप्रणाली तर ब्राउझरमध्येच चालते; तेव्हा जुन्या संगणकांवर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली बसवावी, असा ठराव झाला. ठराव एका ओळीचा असतो. पण वर्षानुवर्षे ठरावीक जागी ठरावीक बटण दाबणाऱ्या रोखपालांना नवा पडदा फोनवरून समजावून सांगणे म्हणजे काय, हे त्या महिन्यात मला पुरते कळले. "मॅडम, तुम्ही म्हणता तो खालचा कोपरा कुठला, डावा की उजवा?" या प्रश्नापासून सुरू झालेला फोन अर्धा तास चाले आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शाखेतून तोच प्रश्न पुन्हा येई. त्यामुळे एकदा नीट करून दाखवावे आणि ज्याला हवे त्याने हवे तेव्हा पाहावे, हा मार्ग मीच व्यवस्थापकांना सुचवला.

६ नोव्हेंबर रोजी मी रीतसर अर्ज दिला. त्यात चार गोष्टी लिहिल्या होत्या : काय चित्रित करायचे, कोणत्या सॉफ्टवेअरने, खर्च किती आणि तयार झालेल्या फायली ठेवायच्या कुठे. व्यवस्थापक साहेबांनी त्यावर "मा. संचालक मंडळापुढे ठेवावे" असा शेरा मारला आणि अर्ज महिनाअखेरच्या सभेपर्यंत फाइलमध्ये जाऊन बसला.

सभेत एका ज्येष्ठ संचालकांनी प्रश्न विचारला, "फुकट आहे हे ठीक, पण ते आहे कोणाचे? उद्या लेखापरीक्षकांनी परवाना मागितला तर दाखवणार काय?" त्या क्षणी मला तो प्रश्न अडवणुकीचा वाटला, नंतर विचार करता तो अगदी रास्त होता. कार्यालयात बसवलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरचा परवाना दाखवता आला पाहिजे, मग त्याची किंमत शून्य का असेना. मुक्त स्रोत, म्हणजे मूळ आज्ञावली सर्वांना खुली असलेल्या, सॉफ्टवेअरलाही परवाना असतोच. मी निवडलेल्या सॉफ्टवेअरचा परवाना जीपीएल, आवृत्ती ३, हा आहे आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने तो २००७ साली प्रसिद्ध केला आहे. त्याची छापील प्रत मी फाइलला जोडली आणि वर मराठीत अर्ध्या पानाचा गोषवारा लिहिला : कितीही संगणकांवर वापरता येते, कार्यालयीन कामासाठी वापरण्यास मनाई नाही, प्रती करून शाखांना देता येतात, मूळ आज्ञावली पाहता येते आणि कोणतीही हमी दिलेली नाही. हमीच्या या शेवटच्या वाक्यावर बरीच चर्चा झाली. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या करारातही हमी बहुधा अशीच हात झटकणारी असते, हे आमच्याच एका जुन्या करारातले कलम काढून दाखवल्यावर तो मुद्दा मिटला. तुम्हाला असा अर्ज करायचा असेल तर परवान्याचा गोषवारा पहिल्याच दिवशी जोडा. एक सभा वाचेल.

त्याहून गमतीची अडचण दरपत्रकांची झाली. आमच्याकडे कोणत्याही खरेदीला तीन दरपत्रके लागतात. शून्य रुपयांच्या वस्तूला दरपत्रक देणार कोण? शेवटी साहेबांनीच वाट काढली आणि तीन सॉफ्टवेअरचा तुलनात्मक तक्ता मागितला. दराच्या रकान्यात तिन्हीपुढे शून्य लिहून मी तो सादर केला. हा तक्ता निव्वळ उपचार म्हणून केला असला तरी त्यामुळे तिन्ही सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वापरून पाहणे झाले आणि निवड डोळसपणे करता आली.

पहिले ओबीएस स्टुडिओ. ह्यू बेली यांनी २०१२ मध्ये सुरू केलेले हे सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. थेट प्रक्षेपण करायचे असेल, कोपऱ्यात स्वतःचा चेहरा दाखवायचा असेल, दोन-तीन दृश्यांमध्ये अदलाबदल करायची असेल, तर याला तोड नाही. पण ते उघडल्यावर आधी 'सीन' म्हणजे काय आणि 'सोर्स' म्हणजे काय हे समजून घ्यावे लागते, आणि हे काम उद्या माझ्या जागी येणाऱ्या व्यक्तीलाही जमले पाहिजे, ही माझी अट होती. दुसरे व्होकोस्क्रीन एनजी; ते विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालते, सुटसुटीत आहे, आणि तुमच्या कार्यालयात विंडोज असेल तर आधी तेच पाहा असे मी सांगेन. तिसरे सिंपलस्क्रीनरेकॉर्डर. मार्टेन बार्ट यांनी लिहिलेले हे सॉफ्टवेअर लिनक्सपुरतेच आहे. ते एका पानावर पडद्याविषयी आणि आवाजाविषयी विचारते, पुढच्या पानावर फाइलविषयी विचारते, आणि तिसऱ्या पानावर रेकॉर्डिंग सुरू करण्याचे बटण असते. बँकेची पावती भरण्याइतकेच ते सरळ आहे. मी तेच निवडले. एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी : लिनक्समध्ये पडदा रंगवण्याच्या दोन पद्धती आहेत, जुनी एक्स११ आणि नवी वेलँड, हे सॉफ्टवेअर एक्स११ वर चालते, वेलँडवर नाही. मिंटच्या सिनॅमन आवृत्तीत मूळचीच एक्स११ असल्याने आम्हाला अडचण आली नाही. उबुंटू ही लिनक्सचीच दुसरी प्रणाली वापरणाऱ्यांनी मात्र आपल्याकडे काय चालू आहे ते आधी पाहावे. तिथे वेलँड असेल तर ओबीएस हाच पर्याय बरा.

मंजुरी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हातात पडली आणि मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ते बसवायला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही.

त्यानंतर मात्र गाडी अडली. आमच्या हिशेबप्रणालीत पडद्यावर प्रत्येक ठिकाणी सभासदांची नावे, खाते क्रमांक, शिल्लक, मोबाइल, पॅन दिसते. खऱ्या खात्यांवर काम करून ते चित्रित करणे आणि फायली शाखाशाखांत फिरवणे म्हणजे सभासदांची खासगी माहिती वाटणेच झाले. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा नसता तरीही ते गैरच ठरले असते. व्हिडिओ तयार झाल्यावर नावे पुसट करता येतात, असे एकाने सुचवले. पण प्रत्येक पडद्यावर, प्रत्येक सेकंदाला नावाची जागा बदलते आणि एक जरी निसटले तरी सगळी मेहनत वाया. म्हणून प्रणाली पुरवणाऱ्या कंपनीकडे मी सरावासाठी वेगळे लॉगइन मागितले. आधी उत्तर नाही, मग "त्याचे वेगळे शुल्क पडेल" असे उत्तर, आणि मग पुन्हा शांतता. अखेर मी मूळ कराराची परिशिष्टे वाचायला घेतली. त्यात कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र लॉगइन देण्याचे कलम स्पष्ट छापलेले होते. त्या पानाची छायाप्रत जोडून स्मरणपत्र पाठवले आणि नाताळाच्या आधी लॉगइन मिळाले, तेही विनाशुल्क.

सरावाच्या प्रणालीत खाती मीच उघडली. नावे मोगरा, शेवंती, अबोली अशी ठेवली, कारण खऱ्यासारखे नाव ठेवले की कोणत्या ना कोणत्या शाखेत त्या नावाचा सभासद निघतोच. अबोली यांना सोनेतारण कर्ज मंजूर करताना आमचे साहेबही हसले. पण खोटी खाती उघडूनही धोका संपत नाही, हे तालमीच्या वेळी लक्षात आले. नावाच्या चौकटीत 'स' एवढे अक्षर टंकताच ब्राउझरने खाली यादी उघडली आणि त्यात पूर्वी याच संगणकावर भरलेली खऱ्या सभासदांची नावे ओळीने उभी राहिली. सुदैवाने तेव्हा रेकॉर्डिंग चालू नव्हते. यावर उपाय सोपा आहे : चित्रीकरणासाठी ब्राउझरमध्ये स्वतंत्र नवी प्रोफाइल तयार करावी, तिच्यात जुना इतिहास, जतन केलेले पासवर्ड, बुकमार्क काहीही नसते. त्याबरोबरच सूचना दाखवणाऱ्या खिडक्या बंद कराव्यात, व्हॉट्सअ‍ॅप वेब बंद करावे आणि डेस्कटॉपवरच्या फायली एका फोल्डरमध्ये ढकलाव्यात. फाइलच्या नावातही माणसांची नावे असतात.

संहितेसाठी मला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचा मोठा आधार मिळाला. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात साधारण दहा मिनिटांचे, पडद्यावर प्रत्यक्ष करून दाखवणारे पाठ भारतीय भाषांत तयार केले जातात आणि मराठीतले पाठही तिथे उपलब्ध आहेत. त्यांची संहिता दोन रकान्यांत असते : डावीकडे पडद्यावर काय घडते, उजवीकडे काय बोलायचे. मी तीच पद्धत उचलली. "आता इथे क्लिक करूया" यातले 'इथे' ऐकणाऱ्याला दिसत नाही. ते लिहून काढल्यावरच खटकते आणि मग "वरच्या पट्टीतील जमा या शब्दावर क्लिक करावे" असे वाक्य सुचते. एका पाठात एकच काम ठेवले. रोख भरणा एका पाठात, दैनिक ठेवीची वसुली दुसऱ्यात, दिवसअखेर तिसऱ्यात, असे. संहिता मी आमच्या सर्वांत जुन्या रोखपाल काकांना वाचून दाखवत असे. त्यांना जिथे अडखळायला होई तिथे वाक्य मोडून नवे लिहायचे, हा नियम ठेवला.

आता आवाज. बिल्डिंग नौपाड्यात, रस्त्यालगत, पहिल्या मजल्यावर. दिवसा हॉर्न, संध्याकाळी शेजारच्या दुकानाचे शटर, आणि जानेवारीच्या उत्तरार्धात माघी गणपतीच्या मंडपातला लाउडस्पीकर. लॅपटॉपच्या आतल्या मायक्रोफोनवर हे सगळे माझ्या आवाजापेक्षा ठळक येत होते. स्टेशनजवळच्या दुकानातून कॉलरला लावायचा तारेचा माइक ७५० रुपयांना घेतला. रक्कम किरकोळ खर्चाच्या मर्यादेत असल्याने मंजुरी लागली नाही, पण बिल संस्थेच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह घेतले, म्हणून व्हाउचर परत आले नाही. घेण्यापूर्वी माइकची पिन पाहून घ्यावी. मोबाइलसाठी असलेली तीन काळ्या रेघांची पिन काही जुन्या डेस्कटॉपच्या माइकच्या छिद्रात चालत नाही, तिला वेगळा जोड लागतो.

माइकने निम्मे काम केले, उरलेले निम्मे दप्तरखोलीने. आमच्याकडे मागच्या बाजूला एक अरुंद खोली आहे, जिच्या तिन्ही भिंतींना छतापर्यंत रॅक आणि त्यांत संगणक येण्यापूर्वीच्या जाडजूड कापडी बांधणीच्या रोजकीर्दी आणि खतावण्या आहेत. रिकाम्या भिंतीवरून आवाज उलटून येतो आणि रेकॉर्डिंगमध्ये घुमतो. कापड आणि कागद तो शोषून घेतात. त्या खोलीत संगणक हलवला, पंखा बंद केला आणि पहिलीच चाचणी ऐकताना फरक इतका जाणवला की पुढचे सगळे काम मी तिथेच केले. उकाडा आणि धूळ सोसावी लागली. शिपाई काका दार ओढून घेत आणि बाहेर "आत काम चालू आहे" म्हणून उभे राहत. कार्यालय सुटल्यावरची, साडेसहानंतरची वेळ सर्वांत बरी होती.

सिंपलस्क्रीनरेकॉर्डरमधल्या ज्या नोंदी मी पक्क्या केल्या त्या अशा. पहिल्या पानावर पूर्ण पडदा निवडला, कारण प्रशिक्षण घेणाऱ्याला खालची पट्टीही दिसायला हवी. फ्रेम रेट, म्हणजे दर सेकंदाला टिपल्या जाणाऱ्या चित्रांची संख्या, ३० होता तो १५ केला. फॉर्म भरण्याच्या चित्रणाला तेवढा पुरतो आणि जुन्या संगणकाला धाप लागत नाही. माउसचा बाण दिसण्याची खूण चालू ठेवली आणि मिंटच्या सेटिंगमध्ये जाऊन तो बाण मोठा केला. ब्राउझरमधील अक्षरेही १२५ टक्क्यांवर नेली. आवाजाच्या भागात सोर्सची यादी नीट वाचावी : 'मॉनिटर ऑफ' या शब्दांनी सुरू होणारी नोंद निवडली तर संगणकातून बाहेर पडणारा आवाज ध्वनिमुद्रित होतो, माइकमधला नाही. दुसऱ्या पानावर फाइलचा प्रकार एमकेव्ही ठेवला, चित्र आटोपशीर साठवण्यासाठी एच.२६४ ही पद्धत आणि त्याखालचा दर्जाचा आकडा २३. हा आकडा कमी केला तर दर्जा आणि फाइलचा आकार दोन्ही वाढतात. आवाजासाठी एएसी ही तशीच पद्धत निवडली. तिसऱ्या पानावर रेकॉर्डिंग सुरू-बंद करण्याची कळ कंट्रोल आणि आर अशी असते, आणि तीच ब्राउझरमध्ये पान ताजे करण्याची कळ आहे; तिथे शिफ्टची भर घालून ती बदलून घ्यावी. प्रत्यक्ष सुरुवात करण्यापूर्वी त्याच पानावर प्रिव्ह्यू चालू करून बोलून पाहावे. आवाजाची पट्टी हलत नसेल तर पुढे जाऊ नये.

संपादनाचे सॉफ्टवेअर मी शिकलेच नाही, कारण विरामाच्या बटणानेच बहुतेक संपादन होते. प्रणाली पान उघडायला वेळ लावते तेव्हा, किंवा पुढचे वाक्य डोळ्यांखालून घालायचे असते तेव्हा, विराम घ्यायचा आणि पुन्हा सुरू करायचे. मधला वेळ फाइलमध्ये येतच नाही. माउस मात्र त्या वेळात हलवू नये, नाहीतर पडद्यावर बाण उडी मारताना दिसतो.

एमकेव्हीचा उपयोग जानेवारीत एका संध्याकाळी कळला. सोनेतारणाचा लांबलचक पाठ जवळजवळ संपत आला असताना वीज गेली आणि यूपीएसनेही दम तोडला. वीज आल्यावर फाइल उघडली तर दिवे जाईपर्यंतचे सगळे तिच्यात शाबूत होते; उरलेला भाग दुसऱ्या फाइलमध्ये घेऊन पाठ दोन तुकड्यांत दिला. एमपी४ प्रकारात रेकॉर्डिंग मध्येच तुटले तर बहुधा पूर्ण फाइलच उघडत नाही. शाखांना आणि मोबाइलवर पाहणाऱ्यांना सोयीची मात्र एमपी४ च असते. त्यामुळे रेकॉर्डिंग एमकेव्हीत करून नंतर एफएफएमपेग या मुक्त साधनाने फाइलचे वेष्टन, म्हणजे बाहेरचा प्रकार, बदलले. चित्र आणि आवाज जसेच्या तसे ठेवून केवळ वेष्टन बदलण्याची आज्ञा दिली की काही सेकंदांत काम होते आणि दर्जा उतरत नाही.

स्वतःचा आवाज ऐकणे मला पहिले अनेक दिवस असह्य झाले होते. मी किती वेळा 'तर' म्हणते हे मला माहीतच नव्हते. रोखपाल काका म्हणाले, "मॅडम, आम्ही आवाज ऐकत नाही, बाण बघतो." त्यानंतर मी 'तर' मोजणे सोडून दिले.

वाटपाचा प्रश्न फेब्रुवारीच्या सभेत आला. यूट्यूबवर खासगी दुव्याने ठेवावे असे माझे मत होते. संचालक मंडळाने ते नाकारले, आणि पडद्यावर प्रणालीची रचना दिसते हे त्यांचे कारण मला पटले. सहा-सात मिनिटांचा पाठ वीस-पंचवीस एमबीच्या आतच बसत असल्याने सगळा संच एका छोट्या पेनड्राइव्हवर सहज मावला. प्रत्येक शाखेसाठी एक, आवक-जावक नोंदीसह, आणि शाखाधिकाऱ्याच्या सहीची पोच. ऐरोली आणि कोपरखैरणेचे पेनड्राइव्ह मी स्वतः ठाणे-वाशी लोकलने नेऊन दिले, कारण पहिल्यांदा पाहताना कर्मचारी कुठे थांबतात ते मला पाहायचे होते.

ते पाहणे फार उपयोगी पडले. ऐरोलीच्या लिपिक ताई पाठ पाहताना दर थोड्या वेळाने व्हिडिओ थांबवून शेजारच्या खिडकीत तेच करून पाहत होत्या, आणि प्रत्येक वेळी दोन खिडक्यांमध्ये ये-जा करताना त्यांचा गोंधळ होत होता. म्हणून प्रत्येक शाखेला एक पानी सूचना पाठवली : खिडकीची वरची पट्टी धरून ती पडद्याच्या डाव्या कडेला ओढली की अर्धा पडदा व्यापते, दुसरी उजवीकडे ओढावी, एका बाजूला पाठ, दुसऱ्या बाजूला काम. मार्चच्या सुरुवातीला प्रणालीत दैनिक ठेवीच्या मेनूची जागा बदलली, तेव्हा तेवढाच एक पाठ दप्तरखोलीत बसून एका संध्याकाळी पुन्हा केला, नावापुढे तारीख घातली आणि जुनी फाइल काढून टाकल्याची पोच शाखांकडून लेखी मागवली. कोपरखैरणेची पोच अजून यायची आहे.